ठेवलेली गाडी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि तेही एका ट्रॅक्टरमुळे. हसू नका. ज्यांना इंजिन, पाने, ऑइल वगैरेचा कंटाळा आहे त्यांनी मधला भाग गाळला तरी चालेल. आमच्या घरातल्या मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचा, कारण यातली एक गोष्ट मी तुमच्यापैकी कुणालाच आजवर सांगितलेली नाही.

सप्टेंबरात आईचा फोन आला. "भंगारवाला दारात आलाय. गाडीचे पंचेचाळीस हजार देतो म्हणतोय. देऊन टाकू का? शेड तरी मोकळी होईल." मी पुण्यात ऑफिसात, मीटिंगच्या दारात उभा. "दिवाळीला येतो तेव्हा बघू," म्हणून फोन ठेवला. हे "नंतर बघू" माझं फार जुनं आहे. पुढं कळेलच.

गाडी म्हणजे एचएमटी २५११. आमच्या घरात तिला कधी कुणी ट्रॅक्टर म्हटलं नाही. गावात तिचं नाव 'झेटर', घरात नुसतीच 'गाडी'. घड्याळवाली एचएमटी तीच ही. चेकोस्लोव्हाकियातल्या झेटरशी करार करून हरियानात पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून हे ट्रॅक्टर बनायला लागले. पंचवीस हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर. आता या कंपनीचा नवा ट्रॅक्टर कुठं मिळणार नाही. २०१६ साली जानेवारीत केंद्र सरकारनं घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला आणि ऑक्टोबरात ट्रॅक्टरचा विभाग. आबांच्या मनगटावर एचएमटी होतं आणि शेडमध्येही एचएमटीच. घड्याळाला ते रोज सकाळी न चुकता चावी द्यायचे. गाडीची चावी मात्र देवळीत खिळ्याला टांगलेली, तिला गंज चढला तरी कुणी हात लावला नव्हता.

गाडी घेतली १९८२ साली, भूविकास बँकेचं कर्ज काढून. तासगाव तालुक्यात तेव्हा सगळीकडं द्राक्षबागा नव्हत्या. आमच्याकडं तर शाळू, भुईमूग आणि थोडा ऊस. कर्ज आबांच्या नावावर आणि गाडी तात्यांच्या हातात, अशी पहिल्या दिवसापासूनची वाटणी. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. सांगलीहून गाडी चालवत आणली तीही त्यांनीच. आबा मडगार्डवर बसून आले. हिशेब, हप्ते, डिझेलची वही हे आबांचं खातं. नांगर, पेरणी, मळणी आणि अख्ख्या गल्लीला ट्रॉलीत घालून नरसोबाच्या वाडीला नेणं हे तात्यांचं. आबांना गाडी रिव्हर्ससुद्धा घेता येत नसे. एकदा त्यांनी ती मागं घेतली आणि गोठ्याची भिंत पाडली. ती भिंत पुन्हा बांधलेली अजून वेगळी दिसते.

२०१२ साली दोघे वेगळे झाले. कारणं इथं लिहीत नाही. नातेवाइकांना ती पाठ आहेत आणि बाकीच्यांना त्यात काही नवीन वाटणार नाही. चिठ्ठ्या टाकल्या. मोटार, पाइपलाइन आणि म्हशी तात्यांकडं गेल्या, गाडी आबांकडं. म्हणजे चालवणाऱ्याकडून गाडी गेली आणि जिला रिव्हर्स घेता येत नाही त्याच्या दारात ती आली. आबांनी दोन हंगाम भाड्याचा ड्रायव्हर ठेवून पाहिला. मग गुडघे गेले, रान बागेखाली आलं, आणि द्राक्षाच्या ओळींत ही गाडी तशीही मावत नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात ती गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली ती गेलीच. २०१९ मध्ये आबा गेले. तात्या आले, अंगणाच्या कडेला लिंबाखाली उभे राहिले, सगळं होईपर्यंत थांबले आणि घरात पाऊल न टाकता गेले.

मधल्या वर्षांत तात्यांचं एक वाक्य गावभर फिरत होतं. पाराजवळ, सोसायटीत, बाजारात, कुणीही गाडीचा विषय काढला की ते म्हणत, "थोरल्यानं गाडी सडवली, पर मला दिली न्हाई."

तर २०२५ च्या दिवाळीत मी शेडचं दार उघडलं. डोक्यात एवढंच होतं, की भंगारात घालायच्या आधी एकदा ही चालू होतेय का बघू. मोबाइलवर सात-आठ व्हिडिओ बघून तयारीनं आलो होतो. व्हिडिओ बघून आत्मविश्वास फार येतो, अक्कल येतेच असं नाही.

गाडीवर बोटभर धूळ. सीटखाली उंदरांनी कापूस आणि कागद आणून संसार मांडलेला. कुंभारमाशीनं डिझेल टाकीच्या टोपणाच्या भोकापासून डॅशबोर्डच्या खाचेपर्यंत मिळेल तिथं मातीची घरं बांधलेली. सायलेन्सरवर डालड्याचा डबा उपडा घातलेला. मागच्या आसाखाली दगड आणि लाकडाचे ओंडके रचून दोन्ही चाकं अधांतरी केलेली. आबांनी हे बहुतेक चोरीच्या भीतीनं केलं असेल असं मला वाटलं. क्लचचं पेडल खाली दाबलेलं आणि ते वर येऊ नये म्हणून एक हातभर लांबीचं बाभळीचं लाकूड मध्ये टेचून बसवलेलं. पोरांचा खेळ समजून मी ते ठोकून काढलं आणि मागं फेकून दिलं.

मग रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. एक बादली, दुसरी बादली. पाणी काही वर येईना. खाली पाहिलं तर इंजिनाखाली ओढा. "रेडिएटर फुटलंय," मी मोठ्यानं म्हणालो, आणि खरं सांगतो, जरा बरंच वाटलं. फुटलंय म्हणजे आता भंगारवाल्याला फोन करायला आपण मोकळे.

आमचा चुलतभाऊ, तात्यांचा मुलगा, बागेत औषध मारून परत येत होता. त्याच्याकडं छोटा ट्रॅक्टर आहे, मागं ब्लोअर लावलेला. आम्हा भावांचं बोलणं कधी तुटलं नव्हतं. तो थांबला, वाकून पाहिलं, काही बोलला नाही आणि गेला. अर्ध्या तासानं तात्यांना मोटरसायलवर मागं बसवून घेऊन आला. तेरा वर्षांत तात्या पहिल्यांदा आमच्या आवारात येत होते. आई दारात येऊन उभी राहिली. "या" म्हणावं की पाणी आणावं हे तिला सुचेना. शेवटी ती दोन्ही न करता चहा टाकायला आत गेली.

तात्या आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. काचबिंदूनं एक डोळा गेलाय, दुसऱ्यानं उजेड-अंधार आणि माणसाचा आकार तेवढा कळतो. हात कापतात. चहाची बशी दोन्ही हातांनी धरतात तरी सांडते. ते शेडमध्ये आले, थोडा वेळ उंबऱ्यातच उभे राहिले, मग भिंतीला धरावं तसं गाडीला धरून तिच्या भोवतीनं फिरायला लागले.

"पाणी कुठनं गेलं?"

"रेडिएटर फुटलाय तात्या."

ते वाकले. रेडिएटरच्या तळाला चाचपडून बोटानं काही तरी फिरवलं. "कॉक उघडा हाय." मग इंजिनाच्या बाजूला हात घालून, "ह्यो बी उघडा." थोडं थांबून म्हणाले, "पाणी काढून ठेवलंय त्यानं. आत गंजू नये म्हणून."

मग त्यांचा हात सायलेन्सरवरच्या डब्यावर गेला. आसाखालच्या दगडांवर गेला. चाक हातानं हलवून पाहिलं. "टायर टेकूच दिलं न्हाईत," ते म्हणाले. टायरांत हवा नव्हती, भेगाही होत्या, पण खरंच ते कुठं चपटे झाले नव्हते. टाकीचं टोपण त्यांनी मला उघडायला लावलं आणि आत काठी घालायला सांगितली. काठी गळ्यापर्यंत भिजून आली. टाकी काठोकाठ भरलेली होती. टाकी अर्धी ठेवली तर रिकाम्या जागेतल्या हवेचं दव धरतं, ते पाणी खाली साठतं आणि टाकी आतून गंजते. पण कुणी नको असलेल्या गाडीत टाकीभर डिझेल ठेवत नाही, काढून इंजिनाला वापरतो.

"क्लचला लाकूड हुतं का काय?"

"होतं," मी म्हणालो. "मी काढून टाकलं."

"क्लच दाबून ठिवला न्हाई तर प्लेट चिकटून बसती. ह्ये मीच सांगितलं हुतं त्याला. शहाऐंशी का सत्त्याऐंशी साली. पावसाळ्यात दोन म्हैने गाडी हुबी हुती तवा." मग बराच वेळ त्यांचा हात त्या पेडलवर होता. "आरं, ही टाकलेली गाडी न्हाई. ठेवलेली हाय ही."

ते माझ्याशी बोलत होते असं मला वाटत नाही.

आता ती न सांगितलेली गोष्ट.

२०१४ च्या मे महिन्यात आबांचा मला फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाले, "तात्याला एक निरोप दे. म्हणावं, गाडी ठेवलीय नीट. त्याला पाहिजे तेव्हा घेऊन जाऊ दे. मी काही बोलणार नाही." मी म्हटलं, "आबा, शेजारी राहता तुम्ही. मी पुण्यातनं निरोप कसला देऊ, तुम्हीच बोला की." ते म्हणाले, "तू सांग." मी "बरं, बघतो" म्हणालो. तेव्हा माझं कामाचं कायसं सुरू होतं, मुलगी तीन महिन्यांची होती, आणि मनातून मला या दोन म्हाताऱ्यांच्या रुसव्याचा वैतागही आला होता. करू नंतर. मग ते राहून गेलं. आबांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि आपला निरोप पोचला, तात्यांनी तो ऐकून नाकारला, असं समजून ते पाच वर्षं जगले असणार. तिकडं तात्या गावभर सांगत होते की मला दिली नाही.

विसरलो होतो असं म्हणालो तर ते पूर्ण खरं होणार नाही. आबा गेल्यानंतर मला ते नीट आठवलं होतं. मग सांगून काय उपयोग, असं म्हणून मी ते पुन्हा ठेवून दिलं.

त्या दिवशी शेडमध्येही मी काही बोललो नाही. "तात्या, करायची का चालू?" एवढंच विचारलं. ते म्हणाले, "घाई केलीस तर मोडशील. चार दिस लागत्याल."

पाचवा दिवस उजाडला. पहिली गोष्ट म्हणजे सेल्फ मारायचाच नाही. इतकी वर्षं उभ्या इंजिनात रिंगा लायनरला धरून बसलेल्या असतात. जोर केला तर तुटतात. दोन्ही नोझल काढले, त्या भोकांतून थोडं थोडं ऑइल आणि डिझेल मिसळून आत सोडलं आणि तसंच मुरू दिलं. सकाळ-संध्याकाळ गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं फिरवायचं, म्हणजे उलट बाजूनं इंजिन फिरतं. यातली गंमत अशी की दोन्ही चाकं अधांतरी असली तर एक फिरवताना दुसरं उलटं फिरतं आणि इंजिन ढिम्म राहतं. मी दहा मिनिटं चाक फिरवून घामाघूम, "सुटलं, सुटलं" म्हणून ओरडतोय. तात्या शांतपणे माझ्या भावाला म्हणाले, "तू ते पलीकडचं धर, म्हंजे ह्याला कळंल." त्यानं धरलं. माझ्या बाजूचं चाक भिंत झालं.

दोन दिवस भिंतच. तिसऱ्या दिवशी, पाडव्याला सकाळी, आम्ही दोघं लोंबकळलो तेव्हा आत कुठं तरी कर्र झालं आणि चाक सुपारीएवढं सरकलं. तात्या बाहेर खुर्चीवर होते. आम्ही सांगायच्या आधीच म्हणाले, "सुटली." क्लचची प्लेट मात्र अजिबात चिकटलेली नव्हती. आदल्याच दिवशी निघालेलं असावं तसं पेडल हलकं चालत होतं.

मधल्या वेळात बाकीची कामं. चेंबरचा नट जरासा ढिला केला तर ऑइलच्या आधी वाटीभर पाणी आलं. त्यावर तसंच इंजिन फिरवलं असतं तर बेअरिंगा गेल्या असत्या. मग नवं ऑइल, नवा फिल्टर. टाकीतलं अकरा वर्षांचं डिझेल काळ्या चहासारखं, वास व्हार्निशचा, तळाला डांबरासारखा गाळ. टाकी उतरवून तीनदा धुतली. एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल तर खरवडूनच काढावं लागलं, आणि त्याची रबरी नळी हातात तुटली. नोझल घेऊन सांगलीला पंपवाल्याकडं गेलो. त्यानं मशीनवर लावले. एक बऱ्यापैकी तुषार उडवत होता, दुसरा आमच्या अंगणातल्या नळासारखा गळत होता. त्याला नवीन नोझल घातलं, तांब्याचे वायसर नवे घेतले. रबरी नळी मात्र तीन दुकानांत मिळाली नाही. "एचएमटी?" म्हणून एका दुकानदारानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी त्याच्याकडं टांग्याचा सुटा भाग मागितला असावा. या सगळ्या पाच दिवसांत सर्वांत जास्त खर्च पेट्रोलवर झाला, कारण मी एक वस्तू घेऊन यायचो आणि तात्या दुसरी सांगायचे.

पंपाची बाजूची प्लेट उघडल्यावर मात्र तात्या गंभीर झाले. आत रॅक अडकलेली होती. पेट्रोलच्या गाडीला चावी बंद केली की ठिणगी बंद होते आणि इंजिन थांबतं. डिझेलला ठिणगीच नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली की ती इतकी तापते की डिझेल आत पडताच पेटतं. म्हणजे डिझेल पडत राहिलं की इंजिन चालत राहणार, चावी खिशात घालून तुम्ही घरी गेलात तरी. आणि पंपाची रॅक पूर्ण उघड्या जागी अडकली तर ते वेग घेत घेत स्वतःला फोडून घेतं. उपाय एकच, हवा कोंडायची.

भावानं स्वच्छ डिझेल आणि ब्रशनं तासभर खपून रॅक मोकळी केली. बोटानं ढकलली की सुळकन् सरकायला लागली. तरी तात्या म्हणाले, "एक फळी घे. हवेच्या तोंडाशी हुबा ऱ्हा. गाडी पळाली, तर फळी दाबायची. भ्यायचं न्हाई." रबरी नळी नसल्यानं हवेचं तोंड उघडंच होतं. आईचा पोळपाट बरोबर मापाचा निघाला. तिला विचारलं नाही.

भाऊबीजेला दुपारी हवा काढायला बसलो. डिझेल इंजिनाचा जीव यात असतो. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळीत एक बुडबुडा जरी राहिला तरी पंपाचा सगळा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यात जातो आणि नोझलपर्यंत काही पोचत नाही. म्हणून आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, फेसाळ डिझेल येतं ते येऊ द्यायचं आणि सलग धार आली की पंप चालू असतानाच स्क्रू आवळायचा. मग तेच मुख्य पंपाला. मग नोझलच्या नट्यांना. मी धार बघून "आली, आली" म्हणत होतो. तात्यांनी मला बाजूला केलं. धारेवर अंगठा धरला. हात कापत होता, पण अंगठा टेकल्यावर थांबला. "अजून हाय," ते म्हणाले. आणखी तीस-चाळीस वेळा हातपंप. "हाय अजून." मला तर काही दिसत नव्हतं. मग, "आता आवळ." बारीक बुडबुडा अंगठ्याला टोचल्यासारखा लागतो म्हणे. मी अंगठा धरून पाहिला. मला नुसतं ओलं लागलं.

भावाच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या. आधी पंप बंद ठेवून, ऑइलचा काटा हलेपर्यंत नुसता सेल्फ मारला. मग तात्या म्हणाले, "सोड डिझेल."

पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी पांढरा धूर. तिसऱ्या वेळी एक ठोका पडला, नुसता एकच, शेडचे पत्रे थरथरले आणि पुन्हा सामसूम. चौथ्या वेळी एक ठोका, मग दुसरा, मग दोन्ही सिलिंडर एकदम बोलायला लागले आणि सायलेन्सरमधून काळा लोट निघाला. त्यात उंदराच्या घरट्याचा कापूस पेटून बाहेर उडाला. मी फळी, म्हणजे पोळपाट, धरून उभा. आवाज वाढला. आणखी वाढला. पळाली! मी डोळे मिटून सगळ्या ताकदीनिशी पोळपाट हवेच्या तोंडावर दाबला. पोळपाट आत ओढला गेला, इंजिन दोनदा गुदमरलं आणि बंद पडलं.

शांतता. मग तात्यांचा आवाज. ते हसत होते. खोकला लागेपर्यंत हसले. "मारलीस की लेका! रेसचा दांडा अर्ध्यावर कुणी ठिवलाय? पळत न्हवती ती, तू पळीवत हुतास."

खरंच, मगाशी चढताना माझाच हात त्या दांड्याला लागला होता.

पुन्हा सेल्फ मारला, दांडा खाली ठेवून. या वेळी ती तिसऱ्या ठोक्याला लागली आणि लागून राहिली. दोन सिलिंडरचा तो आवाज नव्या गाड्यांसारखा सलग नसतो, त्यात मधे पाऊल टाकायला जागा असते. मी लहानपणी त्या आवाजावर झोपायचो. आईनं परड्यातनं ओरडून सांगितलं की वाळत घातलेल्या शेंगांवर काजळी पडतीय. बाहेर आलेली ती परत आत गेली नाही. पदर नाकाला लावून उभी राहिली.

तात्यांना आम्ही दोघांनी धरून सीटवर बसवलं. त्यांनी गिअरला हात लावला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. त्या चाकाच्या हादऱ्यात त्यांचा कंप मला वेगळा दिसेना. पाच-सात मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "बंद कर. नळी न्हाई, धूळ खाईल."

रात्री मी त्यांच्या घरी गेलो. जेवण झालं होतं, ते ओसरीवर एकटे होते. निरोपाची गोष्ट मी सांगितली. आबांचे शब्द जसे आठवत होते तसे सांगितले, माझं "बरं, बघतो"ही सांगितलं. बोलून झाल्यावर माफी मागायची असं ठरवून गेलो होतो, पण ती मध्येच कुठं तरी अडकली.

तात्या कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कंचं साल म्हनालास?"

"चौदा. मे महिना."

"चौदा." ते बोटं मोजत असल्यासारखे थांबले. "त्या साली वड्याकडचं रान मी भाड्यानं नांगरून घेतलं. तासावर. शेजारच्या गावचा ट्रॅक्टर आणला हुता. थोरला बांधावर बसलेला. दोन दिस बसला हुता. मला वाटलं, बघून हसाय बसलाय."

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. आतून काकूंनी तात्यांना गोळ्या घेतल्या का विचारलं. त्यांनी "हा" म्हटलं, घेतल्या नव्हत्या.

मी उठलो तेव्हा म्हणाले, "नळी मिरजेत बघ. न्हाईतर ट्रकची कापून बसंल. आन् ते लाकूड कुठं टाकलंस?"

"मागं कुठं तरी. सरपणात असेल."

"हुडक. तसलं मापाचं पुन्हा घावायचं न्हाई."

दिवाळीचे दिवस, रोज पहाटे बंब पेटत होता. मी घरी येऊन मोबाइलच्या उजेडात सरपणाचा ढीग उपसायला लागलो. आई बाहेर आली, काय शोधतोस म्हणाली. सांगितल्यावर तीही पदर खोचून वाकली. ते ढिगाच्या तळाशी निघालं, दुसऱ्या दिवशीच्या बंबासाठी काढून ठेवलेल्या चिपट्यांखाली. एका टोकाला पेडलची खाच पडलेली होती. खाचेच्या कडा कुऱ्हाडीनं नाही, विळ्यानं तासून नीट केलेल्या होत्या.

सकाळी मी ते घेऊन शेडमध्ये गेलो तर तात्या आधीच येऊन बसले होते, ग्रीसचा डबा मांडीवर घेऊन.